सीलांची साथ आणि कायकेचा कुत्रा

अठ्ठ्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात आमच्या वेस्टरहूग बेटावर अशी बोलवा होती की, उत्तर समुद्रातले झाडून सगळे सील कायके ब्रोडर्सनच्या कुत्र्याने मारले. दातांनी नव्हे. नुसतं शिंकून.

हे खोटं आहे, हे आधीच सांगून टाकतो. सील मरायला लागले ते एप्रिलात, पार डेन्मार्कच्या पलीकडच्या अंगाला, आमच्यापासून बोटीने दोन दिवस लांब. कायकेचा कुत्रा आयुष्यात एकदाच बेटाबाहेर गेला होता, तोही समोरच्या किनाऱ्यावरच्या गुरांच्या डॉक्टरकडे. मी फेरीबोटीवर दोर टाकायच्या कामाला आहे, त्यामुळे तो माझ्याच बोटीतून गेला आणि जाताना माझ्याच बुटांवर ओकला. एवढाच त्याचा प्रवास. पण बोलवेला तिकीट लागत नाही, आणि ही बोलवा फिरत असताना तिच्यात चिमूटभर मीठ मीही घातलं होतं. ते पुढे येईलच.

कुत्र्याचं नाव पाद्री. अंगाने काळा आणि गळ्याला पांढरा पट्टा, म्हणून पाद्री. आमचे खरे पाद्रीबुवा या नावाबद्दल कधी रागावले नाहीत. उलट म्हणायचे की, माझ्यापेक्षा त्याच्या मागे जास्त माणसं चालतात.

कायके आमची शेजारीण. तिच्या आणि आमच्या घरामध्ये एक दगडी गडगा आहे, कमरेएवढा, वर रानगुलाब. तेव्हा ती अठ्ठावन्न वर्षांची होती. उंची माझ्या खांद्याएवढी, पण चालायला लागली की मागच्या माणसाला धाप लागावी. सकाळी ती दारातल्या बाकावर बसून कोळंबी सोलायची, बारीक करड्या कोळंबीचं टोपलं मांडीत घेऊन, आणि नजर सगळा वेळ समुद्रावर. बोटं आपली चालू. आमची ही म्हणायची, तिच्या बोटांना वेगळे डोळे आहेत.

ती बेटाची सील-शिकारी होती. आमच्याकडे त्या पदाला अजून शिकारीच म्हणतात, शिकार बंद होऊन चौदा वर्षं झाली होती तरी. काम मात्र उलटं झालं. आता आजारी, जखमी किंवा आईपासून तुटलेला सील पुळणीवर दिसला की शिकाऱ्याने जायचं, बघायचं आणि ठरवायचं, की त्याला आहे तिथे राहू द्यायचा, पलीकडच्या सील-दवाखान्यात पाठवायचा की गोळी घालून सोडवायचा. हे त्याने एकट्याने ठरवायचं. त्यात सरपंच बोलू शकत नाही, पोलीस बोलू शकत नाही, सुट्टीला आलेला हांबुर्गचा वकील तर नाहीच नाही. छातीवर पितळेचा बिल्ला आणि घरात परवान्याची बंदूक, एवढा त्याचा सरंजाम.

हे पद आधी तिच्या नवऱ्याचं होतं. सोंके ब्रोडर्सन एका सकाळी बूट चढवता चढवता गेला. त्याच्यामागे बिल्ला कुणाला द्यायचा यावर पंचायत बसली. बाईमाणसाला कसा द्यायचा, म्हणून सरपंचाच्या मेव्हण्याला दिला. पहिल्याच आठवड्यात एका पिल्लाने त्याचा अंगठा फोडला, आणि त्याने बिल्ला टपालाने परत धाडला. चालत तीन मिनिटांवर पंचायत, पण त्याने टपालाने धाडला. मग बिल्ला कायकेकडे आला. तिने घेतला, पुसला, लावला. ती म्हणाली की, वीस वर्षं बंदूक सोंकेच्या खांद्यावर होती पण बघत मीच होते.

बघणं हीच तिची कला. तिच्या सासऱ्याच्या काळचे शिकारी वाळूवर पालथे पडून सीलासारखे सरपटायचे, मान वर करायचे, पाय जोडून शेपटासारखे हलवायचे. सीलांना वाटे आपल्यातलाच कुणी आहे, आणि ते जवळ येऊ देत. सासऱ्याने ते सुनेला शिकवलं, कारण मुलाला जमेना. कायके ते आता मारायला नव्हे, तर जवळून बघायला वापरायची. एकदा डोर्टमुंडच्या एका पाहुण्याने डॉक्टरला फोन केला की, एक म्हातारी पुळणीवर झटके येऊन तडफडते आहे. डॉक्टर बॅग घेऊन धावत गेला. कायके मान न वळवता म्हणाली, खाली पड, नाहीतर ती आई पळेल. डॉक्टर वीस मिनिटं तिच्या शेजारी वाळूत पालथा होता. नंतर खानावळीत सांगत होता की, कमरेला बरं वाटलं.

आणि तिचा एक नियम होता. एक भरती. ओहोटी संपल्यापासून भरती पूर्ण होईपर्यंत सहा तास बसून बघितल्याशिवाय ती कोणत्याही जिवाबद्दल काही ठरवायची नाही. पुळणीवर एकटं ओरडणारं पिल्लू पाहुण्यांना अनाथ वाटतं. ते त्याला टॉवेलात गुंडाळतात, बिस्किट भरवतात, आणि मग ते खरोखरच अनाथ होतं. कायके त्यांना दोनशे पावलं मागे हाकलायची आणि बसायची. दहांतल्या सात वेळा पाणी चढलं की आई यायची. "भरतीला जे कळतं ते मला आधी कळत नाही," एवढंच ती सांगायची.

त्या साली जूनमध्ये पहिला आजारी सील आमच्या पुळणीला लागला. नाकातून पिवळा चिकट शेंबूड, डोळे चिपडांनी मिटलेले. खोकला असा की, धुक्यात ऐकणाऱ्याला वाटावं कुणी म्हातारा समुद्राच्या बांधावरून येतोय. काहींच्या गळ्याखाली कातडीत हवा भरायची, मग त्यांना बुडी मारता यायची नाही. बुचासारखे तरंगत राहायचे. आणि माणूस जवळ गेला तरी हलायचे नाहीत. सील माणसाला बघून पळत नाही म्हणजे त्याचं संपलं, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे.

मग दिवसाला दोन यायला लागले. मग नऊ. जुलैत एका सकाळी एकतीस. कायके पहाटे ट्रॅक्टर आणि ट्रॉली घेऊन निघायची, पाद्री पुढे. धुक्यात, गवतात, चरात पडलेला सील तोच शोधायचा. भुंकायचा नाही. नुसता थांबायचा आणि मागे वळून बघायचा. मेलेल्याची तारीख आणि जागा ती वहीत लिहायची आणि शेपटाच्या पंज्याला निळी सुतळी बांधायची, म्हणजे तोच सील दोनदा मोजला जाऊ नये. जिवंत असेल त्याच्यापाशी बसायची. एवढ्या गर्दीतही एक भरती. कधी कधी एकाच ठिकाणी बसून चार-चार जणांवर नजर ठेवायची. भरती संपली की बंदुकीचा आवाज यायचा, आणि आमची ही पातेल्यावरचं झाकण जरा जोरात ठेवायची.

सरपंच हार्के लोरेन्सन याला या सगळ्याने घाम फुटला. बेटावरचं सगळ्यात मोठं पाहुणेघर त्याचं. अडतीस खोल्या, समुद्राकडे काचेची बैठक. तिथे माणसं सकाळी पाव-लोणी खात समुद्र बघायला बसतात, आणि समुद्रात मेलेले सील. हार्केने त्याच्या दोन गड्यांना कामाला लावलं. पाहुणे उठायच्या आत, ओहोटी सुरू झाली की मेलेले सील बांबूने पाण्यात लोटायचे. ओहोटी नेईल लांब. नेलेच. समोरच्या ओस्टरहूग बेटावर. आता ओस्टरहूगवाले काही आमच्यापेक्षा शहाणे नाहीत. त्यांनीही पुढच्या ओहोटीला तेच केलं. असा आठवडाभर दोन बेटांमध्ये मेलेल्या सीलांचा आहेर चालला होता, आणि दोन्हीकडच्या पंचायती एकमेकांना पत्रं लिहून विचारत होत्या की, तुमच्याकडे इतके कसे मरतात हो.

कायकेला ते सुतळीमुळे कळलं. निळ्या सुतळीचा एक थोराड नर तिच्या पुळणीला तिसऱ्यांदा लागला.  तिने त्याला ट्रॉलीत घातला आणि ट्रॅक्टर नेहमीच्या वाटेने न नेता हार्केच्या काचेच्या बैठकीसमोरून नेला, न्याहारीच्या वेळी, सावकाश, पहिल्या गिअरमध्ये. त्या दिवशी दुपारच्या बोटीला गर्दी होती. दोर टाकताना मीच मोजले, एकवीस पाहुणे आणि एक पूडल.

तेव्हापासून हार्के तिच्यावर दात धरून होता. म्हणजे तसा तो वाईट माणूस नाही. दोघं शाळेत एका बाकावर होती, आणि तो तिची गणितं उतरवायचा. पण अडतीस खोल्या रिकाम्या पडल्या की चांगल्या माणसालाही कुणीतरी अपराधी लागतो.

तो ऑगस्टअखेरीस मिळाला. वर्तमानपत्रात आलं की, सीलांना मारणारा विषाणू सापडला, कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपर नावाच्या रोगाचाच प्रकार. नंतर शास्त्रज्ञांनी दुरुस्ती केली की, तोच नव्हे, त्याचा चुलतभाऊ. पण दुरुस्ती सातव्या पानावर होती, आणि चुलतभावाच्या गुन्ह्यासाठी घरच्या माणसाला धरायची आमच्या बेटावर जुनी पद्धत आहे. दुकानवाली गोंडेल गल्ल्यावर उभी राहून बातमी मोठ्याने वाचत होती. कुत्रा हा शब्द आला तशी ती थांबली. दुकानात आम्ही पाच जण होतो. पाचही जणांनी एकाच घराकडे बघितलं.

कारण पाद्रीला दोन वर्षांपूर्वी डिस्टेंपर झाला होता, हे बेटावर सगळ्यांना ठाऊक. गुरांचा डॉक्टर म्हणाला होता, सोडून दे. कायकेने सोडलं नाही. पाच आठवडे मटणाचं पाणी चमच्याने पाजलं, नाक-डोळे पुसले, स्वतः स्वयंपाकघरात त्याच्या शेजारी गोधडी टाकून झोपली. कुत्रा वाचला. खूण एवढीच राहिली की त्याचा पुढचा डावा पाय आपोआप उडतो, झोपेतही, घड्याळाच्या काट्यासारखा. त्या पायाचं आम्हाला कौतुक होतं. आता त्याच पायाकडे बघून आया मुलांना आत बोलवायला लागल्या.

इथे माझं मीठ. खानावळीत मी म्हणालो की, जूनमध्ये मी स्वतः बघितलं, पहिला सील लागला त्याच्या आदल्या दिवशी पाद्री पुळणीवर समुद्राकडे तोंड करून शिंकला. गंमत म्हणून म्हणालो. दुसऱ्या दिवशी गोंडेलने मलाच सांगितलं की, तीन वेळा शिंकला, आणि वारा समुद्राकडे वाहत होता.

पंचायत अग्निशमनाच्या खोलीत बसली. पलीकडच्या गुरांच्या डॉक्टरला फोन केला. तो म्हणाला, दोन वर्षांपूर्वी बरा झालेला कुत्रा कुणाला काही देत नाही, शेपटी हलवण्यापलीकडे. पंचायतीने ठरवलं की, डॉक्टरने आत्ता कुत्रा बघितलेला नाही, सबब त्याचं मत धरता येत नाही. ठराव झाला. पाद्रीबुवा पंचायतीचे चिटणीस. त्यांनी हात जोडून एकच विनंती केली की, 'पाद्रीला गोळी घालावी असे सर्वानुमते ठरले' हे वाक्य माझ्या हस्ताक्षरात नको. मग 'ब्रोडर्सन यांचे जनावर' असं लिहिलं.

ठराव घेऊन हार्के संध्याकाळी तिच्या दारात आला. गडग्याच्या अलीकडे मी रानगुलाब छाटत होतो. सप्टेंबरात रानगुलाब कुणी छाटत नाही, हे कायकेला माहीत आहे. पण तिने माझ्याकडे बघितलं नाही.

"दारात उभा राहून टोपी काढलीस म्हणजे काहीतरी वाईट आणलंयस," ती म्हणाली. "वाच."

त्याने वाचलं. ती कोळंबी सोलत राहिली. पाद्री तिच्या पायाशी झोपला होता, पाय उडत होता.

"गोळी कोण घालणार?" तिने विचारलं.

हार्केने टोपी फिरवली. परवाना तिच्याकडेच होता. बेटावर दुसऱ्या कुणाला गोळी झाडायची मुभा नव्हती.

"आणि मी नाही घातली तर?"

"तर पंचायत बिल्ल्यासाठी तुझं नाव पुढे धाडणार नाही, कायके. डिसेंबरात मुदत संपते तुझी."

"मग सीलांचं कोण बघणार?"

"आहेत ना माझे गडी."

तिची बोटं थांबली. तिच्या बोटांना थांबलेलं मी पहिल्यांदा बघितलं. हार्केच्या गड्यांकडे बंदूक नव्हती, सीलांच्या डोक्यात घालायला फावडी होती. हे हार्केला माहीत होतं, तिला माहीत होतं आणि गडग्याअलीकडे मलाही माहीत होतं. म्हणजे हिशेब असा की, कुत्रा जगवायचा तर उरलेले सील फावड्याला द्यायचे. आणि कुत्रा मारायचा तर कुत्रा मारायचा.

तिने हातातली कोळंबी सोलून टोपल्यात टाकली. मग ती म्हणाली, "बरं. माझं काम मी माझ्या पद्धतीने करते. एक भरती बघितल्याशिवाय मी आजवर कशालाच गोळी घातलेली नाही. उद्या साडेआठला ओहोटी संपते. बांधाखाली ये."

"मी? मी कशाला?"

"ठराव तुझा आहे. आजार तुला दिसतोय, मला दिसत नाही. शेजारी बसून दाखव. भरती झाली की जे दिसेल त्याप्रमाणे करू. शब्द देते."

हार्केला सौदा स्वस्त वाटला. सहा तास बसायचं, एवढंच. तो लगेच हो म्हणाला आणि जाताना माझ्याकडे बघून म्हणाला, "फांद्या पुरे झाल्या, नीस. मुळापर्यंत आलास."

दुसऱ्या दिवशी तो आला तो पातळ कोट आणि चकचकीत बूट घालून, कारण संध्याकाळी पलीकडून कुणी अधिकारी यायचे होते. कायके दोन स्वेटर, वर मेणकापड, बुडाखाली पेंढ्याचं पोतं, अशी आधीच बसली होती. हार्के ओल्या दगडावर बसला. मधे मेणकापडात गुंडाळलेली बंदूक, आणि चार हातांवर पाद्री. आमची बोट भरतीशिवाय निघत नाही, म्हणून मला वेळच वेळ होता. मी बांधावर दुर्बीण घेऊन बसलो. थोड्या वेळाने आमची ही आली, मग गोंडेल दुकान बंद करून आली. कुणी बोलवलं नव्हतं.

शिकाऱ्याजवळ बसलं की हलायचं नाही आणि बोलायचं नाही. हार्केने पहिला अर्धा तास पाळलं. मग वाऱ्यावर त्याचा आवाज आमच्यापर्यंत आला, "बघ, पाय उडतोय."

"दोन वर्षं उडतोय. पुढे."

मग वायव्येचा वारा सुटला आणि बारीक पाऊस आडवा यायला लागला. कायके भिंतीसारखी. पाद्रीने एका पाखरामागे धाव घेतली, परत आला, पावाचा तुकडा खाल्ला, लोळला, झोपला. हार्केने कॉलर वर केली. मग हात काखेत घातले. तासाभराने तो दगडावरून उठू बघत होता, तेव्हा कायके न बघता म्हणाली, "सील उठून गेला तर मी समजते की तो बरा आहे आणि माझं काम संपलं. ठराव मागे घेतोस?" तो परत बसला.

साडेबाराच्या सुमाराला पाणी अर्ध्याहून वर चढलं होतं. तेव्हा एक सील पुळणीला लागला. वर्षाचा असेल. लाटेने आणून टाकला तसा पडला. कायके उठली नाही. ती पोतं सोडून सरळ वाळूत पालथी पडली. हार्केला म्हणाली, "पाद्रीला धर. घट्ट. तो तिकडे जायला नको."

अडतीस खोल्यांचा मालक पुढचा पाऊण तास त्या कुत्र्याला दोन्ही हातांनी छातीशी धरून बसला होता. पाद्री उबदार आहे, हे त्याच्या लवकरच ध्यानात आलं असावं, कारण मागाहून त्याने हनुवटीही त्याच्या मानेत खुपसली. गोंडेलने माझ्या हातातून दुर्बीण हिसकावली.

कायके सरपटत गेली, थांबली, मान वर केली, पुन्हा गेली. सीलाने तिच्याकडे बघितलंही नाही. दहा पावलांवरून तिने त्याला निरखलं आणि तशीच मागे आली. लगेच बंदूक घेतली नाही. बसली. पाणी सीलापर्यंत चढलं, त्याला उचललं. त्याने बुडी मारायला डोकं खाली घातलं, आणि मागचं अंग तसंच वर राहिलं. लाटेने परत वाळूवर टाकला. पुन्हा उचलला, पुन्हा टाकला. त्याचा खोकला आम्हाला बांधावर ऐकू येत होता. हार्के तीस पावलांवर होता. एवढ्या उन्हाळ्यात त्याने मेलेले शेकडो बघितले असतील, काचेतून. मरताना एकही बघितला नव्हता.

"कायके," तो म्हणाला, "आता संपव ना."

"अजून एकदा उचलू दे पाण्याला."

तिसऱ्यांदाही तेच झालं. मग ती उठली, चालत गेली, दोन पावलांवर उभी राहिली आणि गोळी घातली. वाकून सुतळी बांधली. वहीत लिहिलं. परत येऊन पोत्यावर बसली. हार्केने पाद्रीला सोडलं नव्हतं.

"असे किती झाले?" त्याने विचारलं.

"वहीत आहेत," ती म्हणाली, आणि पुन्हा समुद्राकडे बघायला लागली.

भरती पूर्ण झाली तेव्हा अडीच वाजून गेले होते. माझी बोट भोंगा देत होती. मी आधी खाली गेलो, कारण आमच्या हिने रम घातलेली कॉफी थर्मासात दिली होती आणि दोघांपैकी कुणालातरी तिची गरज होती. त्या दिवशी बोट सतरा मिनिटं उशिरा सुटली, त्याबद्दल मी कप्तानाच्या शिव्या खाल्ल्या, पण जे ऐकलं ते ऐकलं.

पाद्री त्यानंतर पाच वर्षं जगला आणि म्हातारपणाने गेला. ठरावाचा कागद अग्निशमनाच्या खोलीतल्या कपाटात अजून आहे. खाली 'कार्यवाही' असं छापलेल्या रकान्यात काहीच लिहिलेलं नाही. डिसेंबरात बिल्ल्यासाठी कायकेचं नाव हार्केनेच पुढे धाडलं. त्याचे गडी फावडी घेऊन पुळणीवर कधी दिसले नाहीत, आणि शरदात सील मरायचे कमी होत गेले, आपोआप. हार्के स्वतः नऊ दिवस अंथरुणात होता. सरपंचाला सीलांची साथ लागली, अशी जी बोलवा त्या नऊ दिवसांत उठली ती मी उठवलेली नाही. मी एवढंच म्हणालो होतो की, खोकला ऐकून तसं वाटतं.

तर भरती झाली होती. हार्के त्या दगडावर होता, बूट पाण्यात, नाक लाल, डोळ्यांतून पाणी, आणि दर दोन शब्दांना खोकत होता. मी कॉफी पुढे केली तर त्याला हात उचलवेना. खिशातून त्याने ओला झालेला ठराव काढला आणि कायकेला विचारलं की, बघून झालं, आता इथे काय लिहायचं.

कायकेने बंदुकीवरचं पाणी पुसलं आणि म्हणाली, "पूर्ण भरती बघितलं मी, हार्के. दोघांपैकी एकाचं नाक गळतंय, डोळे चिकटलेत, खोकला थांबत नाही, आणि माणूस जवळ आला तरी तो जागचा हलत नाही. तो माझा कुत्रा नाही. तर आता गोळी कुणाला घालू, ते तूच लिही."